पांढऱ्या पक्ष्यांचं एक्स्पोजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक उजनीच्या पाण्यावर भिगवणजवळ, नांदूर मध्यमेश्वरला किंवा ठाणे खाडीत फोटो काढणाऱ्यांचे आहेत, त्यामुळे उत्तरंही तिथल्या उजेडाची आणि तिथल्या पक्ष्यांची आहेत. शटर स्पीड, ॲपर्चर, आयएसओ यांची ओळख आहे असं धरलं आहे. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा, एवढं लक्षात असलं की पुरे.

एकच बगळा एका फोटोत राखाडी आणि दुसऱ्यात जळलेला का येतो?

कॅमेऱ्यातल्या मीटरला बगळा ओळखता येत नाही. समोरून परत येणारा उजेड तो मोजतो आणि समोरचं सगळं मिळून मधल्या राखाडी छटेचं आहे, असं धरून चालतो. ही छटा म्हणजे पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के परत पाठवणारी. रस्ता, गवत, झाडी, माणसांचे कपडे यांना हा हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो. पांढरं पीस मात्र त्याच्या चार-पाच पट उजेड परत फेकतं, म्हणजे मधल्या राखाडीपेक्षा दोन स्टॉपहून थोडं जास्तच.

बगळा चौकटभर असेल तर मीटरला वाटतं उजेड फार झाला. तो एक्स्पोजर खाली ओढतो आणि बगळा मळक्या धोतरासारखा दिसतो. तोच बगळा लांब उभा असेल, चौकटीचा जेमतेम दहावा भाग व्यापत असेल आणि मागे काळसर पाणी असेल, तर मीटर पाण्याकडे बघून एक्स्पोजर वर नेतो. मग पिसं जळतात आणि पक्ष्याच्या आकाराचा सपाट पांढरा डाग उरतो. बगळा तोच, ऊन तेच. बदलली ती फक्त मागची बाजू. खालची निम्मी उत्तरं यातूनच निघतात: पक्ष्यावर पडणारा उजेड धरा, मागे काय आहे ते सोडून द्या.

एक जण +१ सांगतो, दुसरा –१. खरं कुणाचं?

हे आकडे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे, म्हणजे मीटरने ठरवलेल्यापेक्षा किती स्टॉप जास्त (+) किंवा कमी (–) द्यायचं ते. खरं दोघांचंही, आपापल्या फोटोपुरतं. +१ सांगणाऱ्याने बगळा जवळून काढलेला असतो किंवा मागे पांढुरकं आभाळ असतं. –१ सांगणाऱ्याचा बगळा लहान असतो आणि मागे सावलीतली झाडी किंवा खोल पाणी असतं. पक्षी चौकटभर असेल तर +१ ते +१.५ पासून सुरुवात करा. मागे ढगाळ आभाळ असेल तर +२ सुद्धा लागतं. मागे उन्हातलं गवत किंवा वाळका चिखल असेल आणि पक्षी मध्यम आकाराचा असेल, तर शून्याच्या आसपास काम होतं. गडद पार्श्वभूमीवर लहान पक्षी असेल तर –१ ते –२.

हे आकडे पाठ करून फार उपयोग नाही. बगळा चार पावलं चालला की पार्श्वभूमी बदलते आणि आकडाही बदलतो.

मग मॅन्युअल मोड वापरायलाच हवा का?

माझं मत विचाराल तर हो, निदान उघड्या उन्हात तरी. भिगवणला बोटीभोवती तपकिरी डोक्याचे कुरव घिरट्या घालतात तेव्हा बघा. एकाच फेरीत पक्ष्यामागे आधी आभाळ येतं, मग पलीकडच्या काठावरची झाडी, मग गडद पाणी. ॲपर्चर प्रायॉरिटीवर (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा) कॅमेरा तेवढ्या दोन-तीन सेकंदांत दोन स्टॉप इकडे-तिकडे हलतो. कुरवावरचं ऊन मात्र कणभरही हललेलं नसतं. मॅन्युअलवर एकदा बसवलेलं एक्स्पोजर तीनही जागी बरोबरच राहतं.

बसवायचं असं: ज्या उजेडात पक्षी उडतायत त्याच उजेडात स्वस्थ बसलेला एखादा पांढरा पक्षी शोधा. बांबूवर किंवा मासेमारीच्या जाळ्याच्या खुंटावर कुणीतरी असतंच. हायलाइट अलर्ट (जळलेला भाग पडद्यावर लुकलुकता दाखवणारी सोय) चालू करा. एक फोटो काढा, तिसरा हिस्सा स्टॉप वाढवा, पुन्हा काढा. छातीवरची किंवा खांद्यावरची थोडी पिसं लुकलुकायला लागली की एक क्लिक मागे या आणि थांबा. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे. सूर्य वर आल्यावर हेच एक्स्पोजर बराच वेळ चालतं. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात मात्र उजेड झपाट्याने वाढत असतो, तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तपासा. ढग आडवा आला तरी तपासा.

सुरुवातीला कोणता आकडा ठेवू?

निरभ्र आभाळ, सूर्य चांगला वर आलेला आणि तुमच्या पाठीशी असेल तर फिल्मच्या काळातला जुना नियम आजही चालतो. एफ/१६ ला शटर स्पीड म्हणजे आयएसओचा व्यस्त आकडा, म्हणजे आयएसओ ४०० ला १/४००. हे साधारण वस्तूंसाठी. पांढऱ्या पक्ष्याला यापेक्षा एक स्टॉप कमी द्यायचा. उडत्या पक्ष्यासाठी याचं रूपांतर केलं की आयएसओ ४००, एफ/८, १/३२०० मिळतं. लेन्स एफ/५.६ वर उघडली असेल तर आयएसओ २००, शटर तेच. मोठ्या बगळ्याच्या संथ उड्डाणाला १/१६०० पुरतं. सुरय पक्षी पाण्यात सूर मारत असेल तर १/३२०० हून खाली येऊ नका.

इथून सुरुवात करून हायलाइट अलर्टने पक्कं करायचं. हिवाळ्यातलं धुरकट ऊन या हिशेबापेक्षा अर्धा-एक स्टॉप कमी भरतं.

मॅन्युअलवर ऑटो आयएसओ ठेवलं तर?

मग एक्स्पोजर पुन्हा मीटरच्याच हाती गेलं. शटर आणि ॲपर्चर तुम्ही धरलंत, पण आयएसओ पार्श्वभूमीबरोबर नाचत राहणार. ऊन-सावली सतत बदलत असेल तर याचा फायदा आहे, आणि तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची चकती अंगठ्याखाली हवी. एकसारख्या उन्हात आयएसओही बांधून ठेवा.

स्पॉट, मॅट्रिक्स, हायलाइट-वेटेड: मीटरिंग कोणतं ठेवावं?

स्पॉट चौकटीतला एक लहान ठिपकाच मोजतो, मॅट्रिक्स (काही कॅमेऱ्यांत इव्हॅल्युएटिव्ह) सगळी चौकट. मॅन्युअलवर असाल तर फारसा फरक पडत नाही. मीटरला तुम्ही फक्त विचारताय, त्याचं ऐकत नाही.

स्वयंचलित मोडवरच काढायचं असेल तर स्पॉटचा मोह अनेकांना होतो. बसलेल्या पक्ष्यावर तो चांगला चालतो: सर्वांत उजळ पिसांवर स्पॉट ठेवा आणि +१.५ ते +२ द्या. पण अनेक कॅमेऱ्यांत स्पॉट चौकटीच्या मध्याला बांधलेला असतो, फोकस पॉइंटबरोबर सरकत नाही. पक्षी उडाला आणि मध्य पाण्यावर गेला की फोटो हातचा गेला. उडत्या पक्ष्याला मॅट्रिक्स किंवा इव्हॅल्युएटिव्ह बरं. निकॉनने २०१४ मध्ये डी८१० बरोबर हायलाइट-वेटेड मीटरिंग आणलं आणि ते या कामासाठीच असल्यासारखं आहे: चौकटीतला उजळ भाग जळू द्यायचा नाही, एवढंच ते पाहतं. कधी कधी जरा जास्तच जपतं. फोटो अंधारा आला तर अर्धा स्टॉप वर घ्या. पाण्यावर सूर्याची चमक असेल तर मात्र ते तिलाच जपत बसतं आणि बगळा काळवंडतो.

हिस्टोग्राम डावीकडे ढीग दाखवतोय. फोटो अंडर झाला का?

झालाच असेल असं नाही. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या छटांचा आलेख, डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ. चौकटीत नव्वद टक्के गडद पाणी असेल तर ढीग डावीकडेच असणार, तो पाण्याचा आहे. बगळा म्हणजे उजव्या टोकाला असलेली बारीकशी शेपटी, लहान पडद्यावर कधी कधी दिसतही नाही. ती शेपटी उजव्या भिंतीजवळ पोचली आहे आणि भिंतीला चिकटलेली नाही, एवढं बघायचं. ढीग मधोमध आणण्याच्या नादात पुष्कळ चांगले बगळे जळतात.

आणखी दोन गोष्टी. एक, हिस्टोग्राम आणि हायलाइट अलर्ट दोन्ही कॅमेऱ्यात तयार झालेल्या जेपीईजीवरून निघतात, तुम्ही रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) काढत असलात तरी. पिक्चर स्टाइल ‘व्हिव्हिड’ किंवा ‘लँडस्केप’ असेल तर ते वेळेआधीच बोंब मारतात. ‘न्यूट्रल’ ठेवा, म्हणजे रॉच्या जवळचं चित्र दिसेल. दोन, लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम ठेवा. सकाळच्या पिवळ्या उन्हात पांढऱ्या पिसांतला लाल चॅनल सगळ्यांत आधी भिंतीला टेकतो, आणि एकत्रित हिस्टोग्राम सगळं आलबेल असल्याचं सांगत राहतो.

थोडंसं लुकलुकलं तर चालतं का?

कुठे लुकलुकतंय ते बघा. ओल्या चोचीवरची चमक किंवा पाण्यावरचे थेंब लुकलुकले तर बिघडत नाही, त्यांत तपशील नसतोच. मान, छाती, पंखाचा वरचा भाग लुकलुकत असेल तर एक्स्पोजर कमी करा. रॉ फाइलमध्ये साधारण तिसरा हिस्सा ते दोन तृतीयांश स्टॉप परत मिळू शकतो, कॅमेऱ्यागणिक थोडा फरक पडतो. जेपीईजीमध्ये गेलेलं पीस गेलंच.

काहीही जळलेलं नाही, तरी पिसं दिसत नाहीत. का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि बहुतेक वेळा दोष एक्स्पोजरचा नसतो.

पहिली शक्यता उजेडाच्या दिशेची. सूर्य अगदी तुमच्या पाठीशी आणि उंचावर असेल तर पिसांना सावलीच पडत नाही, आणि पांढऱ्यावर पांढरं दिसायला सावलीच लागते. सूर्य जरा बाजूला घ्या, तीस-चाळीस अंश पुरे. मानेची गोलाई आणि पाठीवरच्या पिसांच्या कडा लगेच वर येतात. पातळ ढगांचा दिवस तर पांढऱ्या पक्ष्यांसाठी उत्तम. लोक ‘लाइट नाही’ म्हणून घरी बसतात, ते मला कधी कळलं नाही.

दुसरी शक्यता तापलेल्या हवेची. दहा-साडेदहानंतर पाण्यावरची आणि चिखलावरची हवा हलायला लागते. शंभर मीटरवरच्या पक्ष्याची पिसं मग लेन्स कितीही महाग असली तरी विरघळतात. ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठचे दहा फोटो मोठे करून बघा. प्रत्येकात कडा वेगवेगळ्या जागी मऊ असतील तर हवेचा दोष आहे. उपाय एकच, जवळच्या पक्ष्यांकडे वळा किंवा चहा घ्या.

तिसरी, फोकस. सपाट पांढऱ्या छातीवर फोकस पॉइंट ठेवला तर कॅमेऱ्याला पकडायला काही सापडत नाही. डोळ्यावर किंवा चोचीच्या मुळाशी ठेवा. लहान बगळ्याची काळी चोच यासाठी फार सोयीची.

चौथी शक्यता घरी घडते. नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे घालवणारी सोय) जास्त लावलं की सगळ्यांत आधी पुसली जातात ती ही बारीक पिसं.

म्हशीवर बसलेला गायबगळा कसा काढायचा?

बगळ्यासाठी एक्स्पोजर ठेवा आणि म्हशीला काळी होऊ द्या.

दोघांत चारेक स्टॉपचा फरक असतो. आजच्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर कमी आयएसओला बारा-तेरा स्टॉप सहज पेलतो, त्यामुळे रॉमध्ये म्हशीचं कातडं, केस, डोळ्याची कड सगळं सावलीतून वर काढता येतं. जळलेला बगळा कुठूनच येत नाही. मात्र आयएसओ वाढवत गेलात की ही ऐपत घटत जाते. ३२०० ला काळी म्हैस उजळली तर दाणेच उजळतात. म्हणून इथे शटरचा हट्ट सोडा, दोघं निवांत असतील तर १/५०० ला काढा आणि आयएसओ खाली ठेवा. म्हैस नुकतीच पाण्यातून वर आली असेल तर तिच्या पाठीची चमक बगळ्याहूनही उजळ असते. ती लुकलुकली तर लुकलुकू द्या.

पेरणीच्या सुमारास हेच गायबगळे डोकं, मान आणि पाठीवर केशरी होतात. ट्रॅक्टरमागे धावणारे असे बगळे काढताना लाल चॅनलवर नजर ठेवा. केशरी जळलं की ते पिवळट सपाट दिसतं आणि नंतर काही करता येत नाही.

काळा-पांढरा पक्षी असेल तर? आणि रोहित (फ्लेमिंगो)?

शेकाट्या, चित्रबलाक, काळ्या डोक्याचा शराटी या सगळ्यांना नियम एकच: पांढऱ्यासाठी मोजा, काळं नंतर उचला. मुग्धबलाकाबाबत जरा सावध. विणीच्या काळाबाहेर तो मुळातच राखाडी-पांढरा असतो. त्याला बगळ्याइतका शुभ्र करायला गेलात तर पक्षीच चुकीचा दिसेल.

रोहित लांबून पांढरा वाटतो, पण पंख उघडले की गुलाबी-लाल आणि काळा निघतो. इथेही लाल चॅनल आधी जातो. बगळ्यावर बसवलेलं एक्स्पोजर तिसरा हिस्सा स्टॉप खाली घ्या आणि उघड्या पंखाचा एक फोटो मोठा करून बघा. ठाणे खाडीत संध्याकाळी कांदळवनामागे सूर्य उतरल्यावर हा त्रास फार होतो.

उडताना पंखाची खालची बाजू काळी येते. एक्स्पोजर वाढवू का?

वाढवलंत तर वरची बाजू जाईल. डोक्यावरच्या उन्हात पंखाखाली सावली असते आणि ती उन्हातल्या पिसांपेक्षा दोन स्टॉप सहज खाली जाते. यावर खरा उपाय वेळेचा. सूर्य खाली असताना, सकाळी साडेआठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन पंखाखाली शिरतं. दुसरा उपाय पक्षी वळण्याची वाट बघण्याचा: वळताना तो एका बाजूला कलतो आणि पोट उन्हाला लागतं. फक्त आभाळासमोर, सावलीतली बाजू तुमच्याकडे असलेला पक्षीच काढायचा असेल तर एक ते दीड स्टॉप वाढवा आणि आभाळ पांढरं होऊ द्या.

सूर्य समोर असेल तर?

मग पांढरा पक्षी फार सुंदर दिसतो. पिसांतून उजेड आरपार येतो आणि कडा पेटतात. कडांसाठी मोजलं तर अंग राखाडी येईल, अंगासाठी मोजलं तर कडा जातील. मी कडांच्या बाजूचा, आणि पार्श्वभूमी गडद असेल तर तसंच काढावं. विणीच्या काळात लहान बगळ्याच्या पाठीवर येणारे जाळीदार तुरे अशा उजेडात सगळ्यांत आधी जळतात, त्यांच्यासाठी आणखी अर्धा स्टॉप राखून ठेवा. याच तुऱ्यांसाठी एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या टोप्यांच्या बाजाराने बगळे बेसुमार मारले. ब्रिटनमधली आरएसपीबी ही पक्षीसंस्था १८८९ मध्ये त्या व्यापाराच्या विरोधातूनच सुरू झाली.

आणि विणीच्या झाडाखाली फ्लॅश, ड्रोन, टाळ्या काहीही नको. वस्तीतल्या चिंचेवर, पिंपळावर बगळ्यांची घरटी असतात. पिल्लं घाबरून खाली पडतात आणि ती पुन्हा वर जात नाहीत.

धुकं किंवा पावसाळी आभाळ?

+१ ने सुरू करा, दीडपर्यंत जा. धुक्यातला बगळा आजूबाजूच्या धुक्यापेक्षा किंचितच उजळ असतो, म्हणून तो पूर्ण पांढरा करू नका, नाहीतर दोन्ही एक होतील.

जंगलातल्या सावलीत पांढरा नर स्वर्गीय नर्तक?

सिंहगडाच्या घळीत हा प्रश्न पडतोच. झाडीतून उन्हाचे कवडसे येतात, पक्षी कवडशात असतो तेव्हा सावलीपेक्षा तीन-चार स्टॉप उजळ, आणि अर्ध्या सेकंदात पुन्हा सावलीत. कवडशात बसलेला नर मॅट्रिक्सवर हमखास जळतो. सावलीचंच एक्स्पोजर बांधा आणि कवडसे सोडून द्या. काळं डोकं आणि त्यावरचा काळा डोळा वेगळे दिसण्यासाठीही सावलीतला मऊ उजेडच बरा.

बगळा निळसर किंवा पिवळट येतो, व्हाइट बॅलन्स काय ठेवू?

रॉ काढत असाल तर ‘डेलाइट’ ठेवा आणि विसरा. सावलीतला पांढरा पक्षी निळसर येतोच, कारण त्याच्यावर आभाळाचा उजेड पडत असतो. तो घरी थोडा गरम करा. सूर्योदयाचा पिवळेपणा मात्र पूर्ण धुऊन काढू नका, ती त्या वेळेची खूण आहे. भातखाचरावरून उडणाऱ्या बगळ्याच्या पोटावर हिरवी झाक दिसते, तीही खरी असते.

मोबाइलवर जमेल का?

जमेल. पक्ष्यावर बोट दाबून धरा म्हणजे एक्स्पोजर आणि फोकस बांधले जातील, मग शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह खाली ओढा, पिसं दिसेपर्यंत. स्पॉटिंग स्कोपला (लांबचे पक्षी बघायच्या एकनळी दुर्बिणीला) मोबाइल लावून काढत असाल तर हे करायलाच हवं, कारण कडेची काळी चौकट बघून मोबाइल पक्षी जाळतो.

प्रिंट काढताना पांढरं कुठपर्यंत न्यावं?

पूर्ण पांढरं म्हणजे २५५. तिथे प्रिंटर शाई टाकतच नाही, नुसता कागद दिसतो आणि पक्ष्याला भोक पडल्यासारखं वाटतं. एडिटिंग करताना सर्वांत उजळ पिसं २४० ते २४५ च्या दरम्यान ठेवा. हायलाइट्सचा स्लायडर खाली घेतला आणि पिसं करडी दिसायला लागली, तर तो थोडा परत वर घ्या आणि व्हाइट्स जरा वाढवा. दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढून मधे कुठेतरी पिसांच्या कडा दिसतात. चकचकीत कागदापेक्षा मॅट कागदावर पांढरं थोडं मंद येतं, तेव्हा मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डाएवढा तुकडा काढून दिवसाच्या उजेडात बघा.